सतरा गाण्यांत आपलं गाणं: आवडत्या बँडच्या शोला जाण्याआधी सेटलिस्ट कशी वाचावी

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडने स्वतःच्या नावाचं गाणं वाजवून संपवलं, मागून आलेला अवाढव्य एडी (त्यांचा तो सांगाडेवजा राक्षस) आत गेला आणि स्टेजवर अंधार झाला. मित्र म्हणाला, "चल रे, संपलं. आत्ता निघालो तर कुर्ल्याला रिक्षा मिळेल. नंतर निघालास तर बस बोंबलत." मला पटलं. धूळ आणि घाम यांतून वाट काढत आम्ही गेटबाहेर आलो आणि मागे परत गिटार सुरू झाली. 'मूनचाइल्ड'. गेटवरचा माणूस म्हणाला, एकदा बाहेर म्हणजे बाहेर. मग 'द क्लेअरव्हॉयंट'. आणि मग, रिक्षावाला मीटरने यायला तयार झाला त्याच मिनिटाला, 'हॅलोड बी दाय नेम'. शाळेत असल्यापासून ज्या गाण्याची कॅसेट मी अक्षरशः झिजवली होती, ते गाणं मी रस्त्यावर, डंपरच्या हॉर्नमधून ऐकलं.

बरीच वर्षं मी रिक्षांना दोष दिला. पण मेडनच्या शोची रचना तेव्हा मला माहीत असती तर मी हललोच नसतो. 'आयर्न मेडन' हे गाणं संपलं म्हणजे मुख्य भाग संपला, शो नाही. नंतर साधारण तीन गाणी बाकी असतात, बँड आत जाऊन परत येतो आणि वाजवतो ती, म्हणजे एन्कोअर. हे त्यांच्या अनेक टूरमध्ये तसंच्या तसं आहे. तेव्हापासून मी कुठल्याही बँडच्या शोला जाण्याआधी गृहपाठ करतो: सेटलिस्ट, म्हणजे शोमध्ये वाजणाऱ्या गाण्यांची क्रमवार यादी, वाचतो. तो कसा करायचा ते इथे लिहितोय. उदाहरणं जास्त करून मेडनची आहेत, कारण पोळलोय तिथे. पण पद्धत कुठल्याही बँडला लागू पडते.

१. आधी आपली यादी काढा, बँडची नंतर

तिकीट हातात आलं की आपण थेट नेटवर जाऊन 'काय वाजवतायत' ते बघतो. तसं करू नका. आधी कागदावर तुम्हाला हवी असलेली गाणी लिहा, निदान वीस. मग त्यांच्यासमोर तीनपैकी एक खूण करा.

पहिली खूण: पोळी-भाजी. ही असणारच असं आपण धरून चालतो. मेडनची 'द ट्रूपर', 'फिअर ऑफ द डार्क', 'आयर्न मेडन'.

दुसरी: सणाचं. कधी असतात, कधी नसतात. 'वेस्टेड इयर्स', 'रेव्हलेशन्स', 'पॉवरस्लेव्ह'.

तिसरी: नवसाचं गाणं. बँडने वर्षानुवर्षं वाजवलेलं नाही, किंवा कधीच वाजवलेलं नाही, आणि तरी आपण आस लावून बसलेलो.

नवसाच्या गाण्याची सगळ्यात मोठी गोष्ट मेडनच्याच चाहत्यांची आहे. १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम' अल्बमचं शेवटचं गाणं 'ॲलेक्झांडर द ग्रेट'. साडेआठ मिनिटांचं, लाडकं, आणि लाइव्ह एकदाही न वाजवलेलं. त्या अल्बमच्या स्वतःच्या टूरमध्येसुद्धा नाही. चाहते मागत राहिले. २८ मे २०२३ ला स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानात 'फ्युचर पास्ट' टूरचा पहिला शो झाला आणि तिथे ते पहिल्यांदा वाजलं. सदतीस वर्षांनी. १९८६ साली कॅसेट विकत घेतलेला पोरगा तेव्हा पन्नाशी ओलांडून बसला होता.

आता याच टूरची यादी दुसऱ्या बाजूने बघा. 'ॲलेक्झांडर' आत आलं आणि 'द नंबर ऑफ द बीस्ट', 'रन टू द हिल्स' आणि माझं 'हॅलोड' घरी राहिलं. म्हणजे आपण ज्यांना पोळी-भाजी म्हणतो तीसुद्धा गृहीत धरता येत नाहीत. ज्यांनी आयुष्यात एकदाच मेडन बघायचं ठरवून त्या वर्षी तिकीट काढलं, त्यांना 'नंबर ऑफ द बीस्ट'शिवाय परत यावं लागलं. काही जण चिडले. मला दोघांचंही पटतं.

२. मिनिटांचा हिशेब मांडा

हा हिशेब कोणी करत नाही आणि निराशेचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

मेडनचा शो जेमतेम दोन तासांचा. त्यातून गायकाच्या गप्पा, गाण्यांमधली मोकळी जागा, एन्कोअरआधीचा अंधार असं सगळं मिळून दहा-बारा मिनिटं काढा. उरली शंभर-एकशे आठ. त्यांचं गाणं सरासरी साडेसहा मिनिटांचं धरलं तर पंधरा ते सतरा गाणी बसतात. बँडचे स्टुडिओ अल्बम सतरा आहेत (शेवटचा 'सेनजुत्सू', २०२१). म्हणजे सरासरी अल्बममागे एक गाणं. तुमच्या यादीत एकट्या 'पॉवरस्लेव्ह'मधली पाच गाणी असतील तर ती सगळी येतील ही आशा आत्ताच मनातून काढून टाका.

त्यात लांब गाणं आलं की गणित आणखी बिघडतं. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' पावणेचौदा मिनिटांचं आहे. इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवर बँडचा बासवादक स्टीव्ह हॅरिसने बांधलेलं. तेवढ्या वेळात 'रन टू द हिल्स' तीनदा वाजवून वर पाणी पिऊन येता येईल. मुंबईत २००८ ला ते वाजलं तेव्हा मधल्या भागात, जिथे सगळी वाद्यं मागे सरतात, फक्त संथ बास आणि जहाजाच्या लाकडाची करकर उरते आणि वरून ती कविता ऐकू येते, तिथे माझ्या शेजारचा एक धिप्पाड माणूस डोळे मिटून ओठांनी शब्द न् शब्द म्हणत होता. आवाज नाही, फक्त ओठ. त्याच्यापुढच्या कॉलेजच्या पोरांनी मात्र तेवढ्यात सिगारेटी काढल्या. चौदा मिनिटं एकाची पर्वणी, दुसऱ्याची मधली सुट्टी.

आणखी एक खर्च: नवा अल्बम. २००६ साली मेडनने 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा बहात्तर मिनिटांचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने वाजवायचं ठरवलं. दोन तासांतून बहात्तर मिनिटं गेली, जुन्यांना उरलं काय? मार्च २००७ मध्ये ते पहिल्यांदा भारतात, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले तोवर पूर्ण अल्बमचा हट्ट सुटला होता. नाहीतर इतकी वर्षं वाट बघितलेल्या लोकांसमोर सगळा नवाच माल आला असता.

३. बँडचा स्वभाव कुठला ते ठरवा

सगळे बँड एकाच पद्धतीने यादी करत नाहीत, आणि आपण किती आशा ठेवायची ते यावर ठरतं.

काही बँड एका टूरला एकच यादी घेऊन निघतात आणि शेवटच्या शोपर्यंत ती जवळपास हलत नाही. मेडन या घरातले. कारण सरळ आहे. त्यांच्याकडे प्रत्येक गाण्याला मागचं चित्र वेगळं, दिवे वेगळे, कुठल्या ठेक्यावर आगीचा लोळ उठायचा आणि एडी कुठून यायचा ते ठरलेलं. एक गाणं बदललं की नाटकातला अख्खा प्रवेश बदलल्यासारखं होतं. कोल्डप्लेचंही बरंचसं तसंच. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे तीन शो झाले, तिथे प्रेक्षकांच्या मनगटावरचे पट्टे गाण्याबरोबर रंग बदलत होते. एवढी यंत्रणा जिथे बांधलेली असते तिथे ऐनवेळी 'आज हे नको, ते घेऊ' फारसं चालत नाही. चाललंच तर एखाद्या ठरावीक फटीत.

दुसऱ्या टोकाला फिश हा अमेरिकन बँड. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री वाजवलं आणि एकही गाणं परत घेतलं नाही. एकूण २३७ गाणी. पर्ल जॅमची यादी त्यांचा गायक एडी व्हेडर रोज नवी लिहितो. अशा बँडला जाताना यादी पाठ करून उपयोग नाही, तिथे शक्यता मोजायच्या.

मेटॅलिका मधली वाट काढतं, आणि मला ती सगळ्यात हुशार वाटते. एप्रिल २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅमला सुरू झालेल्या 'एम ७२' टूरमध्ये त्यांनी बऱ्याच शहरांत दोन-दोन रात्री वाजवलं आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं घेतलं नाही. ऐकायला छान, पण ज्याला एकाच रात्रीचं तिकीट परवडतं त्याचं काय? तिथे पहिल्याच शहरात 'मास्टर ऑफ पपेट्स' एका रात्री आणि 'एंटर सँडमन' दुसऱ्या रात्री आलं. अशा वेळी कुठली रात्र घ्यायची हा निर्णय आधीच्या शहरांच्या याद्या बघूनच करायचा. तारीख सोयीची म्हणून शनिवार घेतला आणि आपलं गाणं शुक्रवारी होतं, असं होऊ देऊ नका.

आणि काही शो अल्बमचे असतात. १५ डिसेंबर २०१९ ला यू-टू मुंबईत (म्हणजे पुन्हा डी. वाय. पाटीलला, नेरुळला, पण पोस्टरवर मुंबईच म्हणतात) वाजवायला आले तेव्हा 'द जॉशुआ ट्री' अल्बमची अकराच्या अकरा गाणी क्रमाने येणार हे टूरच्या नावातच होतं. तिथे आश्चर्याला जागा फक्त अल्बमच्या आधी आणि नंतर.

४. टूरचं नाव नीट वाचा

मेडनचे चाहते पोस्टर बघूनच निम्मी यादी सांगतात. या बँडची एक सवय आहे: एक टूर नव्या अल्बमची, मग एक टूर इतिहासाची. आम्ही २००८ ला बघितली ती 'समव्हेअर बॅक इन टाइम', म्हणजे ऐंशीच्या दशकाची. त्यात 'फिअर ऑफ द डार्क' (१९९२) हे एकच गाणं त्या काळाबाहेरचं. २०१० ची 'फायनल फ्रंटियर' नव्या अल्बमची. २०१२ ची 'मेडन इंग्लंड' पुन्हा इतिहासाची. २०२५ ला सुरू झालेली 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' बँडच्या पन्नाशीची, १९८० ते १९९२ मधल्या पहिल्या नऊ अल्बमपुरती. हे कळल्यावर 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'चं (२०००) गाणं त्या टूरला मागण्यात अर्थ नाही हे आपोआप समजतं. कोणी तरी तसा फलक घेऊन उभा राहतोच, तो भाग वेगळा.

बँडच्या मुलाखती वाचा, पण मिठाच्या खड्याबरोबर. 'या वेळी काही खास आहे' हे प्रत्येक टूरला म्हटलं जातं. 'या काळातलीच गाणी घेऊ' असं म्हटलं तर ते बहुधा खरं असतं.

यादीतून गाणं गळण्याची कारणं नेहमी संगीताचीच असतात असंही नाही. २०१७ मध्ये मेडनने 'हॅलोड' काही काळ बाजूला ठेवलं, कारण त्यातल्या काही ओळींच्या हक्कांवरून कोर्टकज्जा सुरू होता. मी डोंबिवलीत बसून उगाच समाधान मानलं, की या वेळी ते फक्त माझंच चुकलेलं नाही.

५. जुन्या याद्या कशा बघायच्या

सेटलिस्ट डॉट एफएम या साइटवर चाहतेच प्रत्येक शोची यादी भरतात. शो संपायच्या आत भरणारे बहाद्दर असतात. बँडचं नाव टाकलं की आधी टूर निवडा, नाहीतर १९८४ आणि २०२५ एकत्र होऊन डोक्याला ताप होतो. मग हे करा:

शेवटचे पाच ते सात शो उघडा. बँडचा स्वतःचा शो आणि फेस्टिव्हलमधला शो वेगळा काढा. फेस्टिव्हलला मोठ्या बँडलाही बहुतेक वेळा कमी वेळ मिळतो आणि समोर अर्धे लोक दुसऱ्याच कोणासाठी आलेले असतात, म्हणून तिथे पोळी-भाजी जास्त आणि नवसाची गाणी गायब. तुम्ही महालक्ष्मी रेसकोर्सवर एखाद्या फेस्टिव्हलला जात असाल तर युरोपातल्या स्टेडियम शोची यादी पाठ करून जाऊ नका.

मग सगळ्या शोमध्ये असलेली गाणी कागदावर उतरवा. हा सांगाडा. उरलेल्या जागा बघा: चौथं गाणं एका शहरात एक, दुसऱ्यात दुसरं, असं दिसलं की ती 'फिरती जागा'. बहुतेक बँडच्या अशा एक-दोनच असतात. तुमचं सणाचं गाणं आलं तर तिथेच येणार. ते तीन शोपूर्वी येऊन गेलं असेल तर आशा धरायला हरकत नाही. गेल्या वीस शोमध्ये नसेल तर सोडून द्या.

यादीत 'टेप' असं लिहिलेल्या नोंदींकडे दुर्लक्ष करू नका. रेकॉर्ड लावून वाजवलेली ती गाणी आहेत आणि आपल्याला घड्याळासारखी उपयोगी पडतात. त्याबद्दल पुढे.

एक अडचण मात्र या सगळ्याला पुरून उरते, आणि ती नेमकी आमच्या वाट्याला आली होती. तो मुंबईचा शो टूरचा पहिला होता. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ विमान चालवत, बँड, माणसं आणि सगळं सामान घेऊन निघाला तो आधी मुंबईला. जगात कोणालाच यादी माहीत नव्हती. आज अशा पहिल्या शोला जायचं झालं तर मी त्याच बँडच्या आधीच्या दोन टूरचा सांगाडा बघेन: सुरुवात कशी, मुख्य भाग कुठल्या गाण्यावर संपतो, एन्कोअर किती गाण्यांची. गाणी बदलतात, ही रचना सहसा बदलत नाही. एवढंच बघितलं असतं तर, असो.

६. किती वाचायचं आणि कुठे थांबायचं

आता तुम्ही म्हणाल, सगळं आधी कळलं तर मजा काय? बरोबर आहे. पहिल्या गाण्याचा धक्का एकदाच मिळतो. २०२३ ला 'कॉट समव्हेअर इन टाइम' हे वर्षानुवर्षं न वाजवलेलं गाणं थेट सुरुवातीलाच येणार हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांची त्या क्षणाची आरडाओरड मी व्हिडिओत ऐकलीये. ज्यांनी यादी वाचली होती ते तेवढं नक्कीच ओरडले नसणार.

मी असं करतो. यादी स्वतः बघत नाही, बायकोला बघायला सांगतो. तिला मेडन म्हणजे डोकेदुखी, त्यामुळे ती निर्विकारपणे सांगू शकते. तिला तीनच प्रश्न: एकूण किती गाणी? मुख्य भाग कितव्यावर संपतो? माझ्या नवसाच्या तीन गाण्यांपैकी एक तरी आहे का, कुठलं ते न सांगता, हो किंवा नाही? 'नाही' असेल तर मी आधीच मन घट्ट करून जातो आणि शो चांगला जातो. 'हो' असेल तर ती सांगताना हसते, आणि मग दोन आठवडे मी तिच्या मागे लागतो.

याउलट, शोसाठी दुसऱ्या शहरात जाऊन विमान-हॉटेलचा खर्च करणार असाल तर पूर्ण यादी वाचा. तेवढ्या पैशांत आश्चर्य परवडत नाही.

७. मागणी करायची असेल तर

आपल्याकडे फर्माईश ही रीत आहे. मैफिलीत चिठ्ठी पुढे जाते, गवई हसून मान डोलावतो किंवा 'नंतर' म्हणतो. संगीत नाटकात एकाच पदाला लोक वन्स मोअर घेत आणि नाटक पहाटेपर्यंत रंगे. रॉकच्या स्टेडियममध्ये चिठ्ठी पोचत नाही. पण काही जणांनी त्याची सोय केलीये.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन प्रेक्षकांनी आणलेले पुठ्ठ्याचे फलक गोळा करतो, स्टेजवर चाळतो आणि त्यातलं एखादं निवडून बँडकडे वळतो. २००९ च्या टूरमध्ये तर लोक मुद्दाम दुसऱ्यांची जुनी गाणी लिहून आणत, बँडला येतं का बघायला. मेटॅलिकाने २०१४ मध्ये तिकीट काढलेल्यांकडून मतं मागवून जवळपास सगळी यादी त्यांच्यावर सोडली आणि स्वतःसाठी 'लॉर्ड्स ऑफ समर' या तेव्हाच्या नव्या गाण्याची जागा ठेवली. निकाल? बहुमताने बहुतेक पोळी-भाजीच निवडली. लोकशाहीत नवसाची गाणी निवडून येत नाहीत.

फलक करायचाच असेल तर आधी खात्री करा की तो बँड फलकांकडे बघतो. मेडनसाठी करू नका, वाया जाईल. करणार असाल तर एकच गाणं, चार शब्दांच्या आत, पांढऱ्यावर काळं. ए-फोर कागद स्टेजवरून दिसत नाही, आणि काठी किंवा पाइप गेटवर काढून घेतात. पुठ्ठा छातीशी धरा, गाणं चालू असताना वर करू नका. मागच्या माणसाने हजारो रुपये भरलेत ते तुमच्या पुठ्ठ्याची पाठ बघायला नव्हे.

८. शोच्या दिवशी

आधी कान. तिथला आवाज सहज शंभर डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या कामगारांसाठीच्या मर्यादेनुसार शंभर डेसिबल पंधरा मिनिटांपुरतेच सुरक्षित आहेत. दोन तास म्हणजे आठपट. केमिस्टकडे मिळणारे फोमचे बोळेसुद्धा चालतात, घरून निघतानाच खिशात टाका. मी २००८ ला ते नेले नव्हते आणि शनिवारी दिवसभर कानात शिट्टी वाजत होती.

उभं कुठे राहायचं? चेहरे बघायचे असतील तर पुढे. गाणं ऐकायचं असेल तर साउंडवाल्यांचं मोठं टेबल जिथे असतं त्याच्या जरा पुढे, मध्यावर. तो माणूस तिथे बसून जे ऐकतो त्यावर सगळ्यांचा आवाज लावतो. त्याच्या शेजारी उभं राहिलात तर त्याच्याइतकंच चांगलं ऐकू येतं.

गाणं ओळखीचं पण जरा 'उतरलेलं' वाटलं तर घाबरू नका. मेटॅलिका कित्येक वर्षं लाइव्हला अर्धा सूर खाली लावून वाजवतं, गळ्याला सोपं पडावं म्हणून. आपल्याकडे वय झालं की गायक पट्टी उतरवतात, त्यातलाच प्रकार. मेडन मात्र उतरवत नाही. डिकिन्सनच्या जिभेच्या मागच्या भागाला २०१४ च्या शेवटी कॅन्सरची गाठ निघाली, उपचार झाले, आणि २०१६ ला तो त्याच पट्टीत गात परत आला. यावर मी एरवी अर्धा तास बोलू शकतो, इथे आवरतो.

आता घड्याळ. मैफिलीत भैरवी सुरू झाली की लोक पायाने चपला चाचपायला लागतात. भैरवी म्हणजे शेवट, हे सांगावं लागत नाही. मेडनच्या शोलाही अशा खुणा आहेत, फक्त कोणी तरी सांगाव्या लागतात. स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं की मेडन येतायत: बिअरची रांग सोडा, लघवीची रांगसुद्धा सोडा, जागेवर जा. ते गाणं संपताना सगळ्या मैदानाचा आवाज एकदम बदलतो, दिवे जातात. नंतर मध्ये जायचंच असेल तर तुमच्या यादीतलं तुम्हाला नको असलेलं लांब गाणं निवडा. दहा मिनिटांचं असेल तर जाऊन, रांगेत उभं राहून, पाणी घेऊन परत येता येतं. चार मिनिटांच्या गाण्याला गेलात तर पुढचंही जातं.

'आयर्न मेडन' संपलं, अंधार झाला, तर हलू नका. हे वाक्य मी स्वतःसाठीच लिहितोय. एन्कोअर संपून स्पीकरवर मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीचं 'ऑलवेज लुक ऑन द ब्राइट साइड ऑफ लाइफ' लागलं, की खरंच संपलं. मग चपला शोधा. तुमच्या बँडची अशी शेवटची टेप कुठली आहे ते यादीत सगळ्यात खाली लिहिलेलं सापडतं. काही बँडची नसते, तिथे मैदानाचे मोठे पांढरे दिवे लागले की समजायचं.

आपल्याकडे एक बरं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले काही मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सूट देऊ शकतं, ती सणासुदीला वापरली जाते. त्यामुळे मोकळ्या मैदानावरचे शो दहाला संपतात. पावणेदहाला स्टेजवर अंधार झाला तर अजून पंधरा मिनिटं हिशेबात आहेत, हे मोबाइलवर वेळ बघून कोणालाही कळेल. आणि शो सुरू व्हायला उशीर झाला तर यादीच्या शेवटची गाणी कापली जाण्याचा धोका खरा असतो, म्हणून तुमचं गाणं एन्कोअरमध्ये असेल तर सुरुवात वेळेवर व्हावी अशी प्रार्थना करा. दहाला संपणाऱ्या शोनंतर शेवटची लोकल चुकत नाही, हेही आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

फोनबद्दल एवढंच: २०२५ च्या टूरआधी मेडनच्या व्यवस्थापकांनी चाहत्यांना फोन खिशात ठेवायची विनंती केली होती. मी नवसाच्या गाण्याचे पहिले वीस सेकंद घेतो, मग ठेवतो. पूर्ण घेतलेला व्हिडिओ मी आजवर एकदाही पुन्हा बघितलेला नाही.

९. घरी आल्यावर

झोपण्याआधी यादी लिहा, क्रमाने, आठवेल तशी. मग साइटवर जाऊन ताडून बघा. दोन गाणी तरी उलटसुलट झालेली असतात आणि एखादं आपण ऐकलंय हेच आठवत नसतं. माझ्या वहीत त्या शुक्रवारच्या पानावर तेरा गाणी आहेत. त्याखाली कंसात तीन, 'रस्त्यावरून' असं लिहून.

बँडने अधिकृत लाइव्ह रेकॉर्ड काढलंय का तेही बघा. २००८ च्या टूरचं 'फ्लाइट ६६६' २००९ मध्ये आलं. त्यात प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं घेतलंय, आणि पहिलंच, 'एसेस हाय', मुंबईचं आहे. त्या कल्लोळात कुठे तरी माझाही आवाज आहे असं मी पोरांना सांगतो. 'हॅलोड' त्यात टोरांटोचं आहे.

'रन फॉर युअर लाइव्ह्ज'ची यादी या वेळी मी बायकोला न विचारता, स्वतः वाचली. 'हॅलोड' आहे. मुख्य भागात, 'आयर्न मेडन'च्या अगदी आधी. म्हणजे आमच्यासारखा कोणी या टूरला त्याच गाण्यानंतर रिक्षा पकडायला निघाला, तर त्याला 'हॅलोड' मिळालेलं असेल. चुकतील ती 'एसेस हाय', 'फिअर ऑफ द डार्क' आणि 'वेस्टेड इयर्स'. मित्राला हे फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बघ, मी बरोबर होतो. फक्त सतरा वर्षं आधी निघालो."